जुन्या संगणकाची नवी प्रत

माझ्या मामांनी १९८७ साली मुंबईहून एक संगणक आणला. मामा डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या कचेरीत हिशेबनीस होते. त्यांना कधी कशाचा नाद लागेल याचा नेम नसे. पिशवीतून निघालेली वस्तू पाहून घरच्यांची निराशाच झाली. तो नुसता एक काळा कळफलक होता. पडद्याच्या जागी घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवरून भरायचे. टेप सुरू केली की किंकाळीसारखा आवाज येई, टीव्हीच्या कडांवर आधी तांबडे-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावत, आणि चार-पाच मिनिटांनी, नशीब असेल तर, पडद्यावर काहीतरी उमटे. आजीचे म्हणणे असे की हे यंत्र कण्हते आहे, त्याला निजू द्या.

यंत्राचे नाव होते 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा स्वस्त घरगुती संगणक काढला आणि १९८४ साली त्याची 'प्लस' आवृत्ती आली. तीच भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ पासून परवाना घेऊन विकली. त्याच सुमारास, १९८४ पासून, केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो हे दुसरे ब्रिटिश यंत्र मिळाले होते. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ते कपाटाच्या काचेतून पाहिले. मी भाग्यवान, कारण मामांचे यंत्र जेवणाच्या टेबलावर असे.

त्या यंत्राला मराठी येत नव्हते. मात्र वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हे काढून घेण्याची सोय त्यात होती. प्रत्येक चिन्ह म्हणजे आठ बाय आठ घरांचा चौकोन. जे घर भरायचे तिथे १, जे मोकळे ठेवायचे तिथे ०. मामांनी माझी गणिताची चौकड्यांची वही घेतली आणि आम्ही दोघे देवनागरी अक्षरे काढायला बसलो. इंग्रजी अक्षराच्या कडेला एक उभी रांग मोकळी सोडतात, म्हणजे शेजारची अक्षरे चिकटत नाहीत. आमची गोष्ट उलटी होती. शिरोरेषेची ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरली तरच शब्द एकसंध दिसे. वरची पहिली ओळ मात्रा-वेलांटीसाठी, दुसरी शिरोरेषेची, तळची उकारासाठी. अक्षराच्या अंगाला उरत फक्त पाच ओळी. पाच ओळींत 'ळ' काढून पाहावा म्हणजे आमची काय अवस्था झाली ते कळेल.

एकवीस चिन्हांत बाराखडी मावणे शक्यच नव्हते. म्हणून मामांनी ठरवले की आपण डिचोली तालुक्यातल्या गावांची नावे दाखवणारा प्रोग्रॅम करायचा. एक नाव दाखवून झाले की पुढच्या नावाला लागतील ती चिन्हे नव्याने भरायची. डिचोली, मये, साखळी, कुडणे, पिळगाव ही नावे जमली. 'न्हावेली'तला अर्धा न मोठ्या मिनतवारीने बसला. 'नार्वे'पाशी गाडी अडली. 'र्वे'वर मात्रा आणि रफार दोन्ही हवेत, आणि वरती ओळ एकच. दोन संध्याकाळ खटपट करून मामांनी शेवटी 'नारवे' असे लिहून टाकले. हे सगळे त्यांनी तीन भागांत एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर साठवले. पहिल्या बाजूवर नाट्यगीते होती.

मामा २००९ साली गेले. यंत्र आणि कॅसेट माझ्याकडे आली. मागच्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका विद्यार्थ्याला मी ते यंत्र दाखवले. त्याने उघडून पाहिले. कळांखालच्या पातळ पडद्याच्या पट्ट्या कडक होऊन तुटल्या होत्या, स्मृतीच्या काही चिप मेल्या होत्या, आणि जी चिप या यंत्राचा खरा आत्मा तीही गेली होती. "मॅडम, हे दुरुस्त होणार नाही," तो म्हणाला, "पण पुन्हा करता येईल." 'पुन्हा करता येईल' म्हणजे नेमके काय, हे समजून घेताना मला माझ्याच विषयातल्या जुन्या वादांची वारंवार आठवण झाली. हा लेख त्यातून झाला.

स्पेक्ट्रममध्ये दोन चिप महत्त्वाच्या. एक झेड-८०, हिशेब करणारी. ती १९७६ साली झायलॉग कंपनीने काढली आणि जगभर असंख्य यंत्रांत बसली. कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले की तिचे मूळ वळणाचे उत्पादन आता थांबेल. शेवटच्या मागण्या १४ जून २०२४ पर्यंत घेतल्या गेल्या. दुसरी चिप यूएलए, इंग्लंडमधल्या फेरांटी कंपनीने सिंक्लेअरसाठी केलेली. चित्र काढणे, कळा वाचणे, टेपचा आवाज ऐकणे, बीप करणे, ही सगळी कामे तिच्याकडे. झेड-८० इतर यंत्रांतून काढून मिळू शकते. ही दुसरी चिप स्पेक्ट्रमसाठीच केलेली, त्यामुळे ती दुसऱ्या स्पेक्ट्रममधूनच काढावी लागते. म्हणजे एक पोथी वाचवायला दुसरी फाडायची.

यूएलए या आद्याक्षरांचा अर्थ मात्र मोठा सूचक आहे: अजून कशालाही न बांधलेल्या तर्कघटकांची मांडणी. साधी चिप ही शिळाछापाच्या दगडासारखी असते. एकदा कोरली की त्यावरून तेच पान निघणार. यूएलए म्हणजे छापील पावतीपुस्तक. कारखान्यात आधी सगळ्यांसाठी एकसारखे घटक तयार करून ठेवायचे आणि शेवटचा धातूचा थर तेवढा गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे घालायचा, म्हणजे कोण कोणाला जोडला जाईल ते ठरते. थर पडला की मग बदल नाही.

यापुढची पायरी अमेरिकेत पडली. झायलिंक्स कंपनीचे एक संस्थापक रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेतून १९८५ साली एक चिप बाजारात आली. तिच्यात ६४ तर्कघटक होते आणि ते कसे जोडायचे हे कारखान्याबाहेर, वापरणाऱ्याच्या टेबलावर ठरवता येत होते. आणि ठरवलेले मोडून पुन्हा वेगळे ठरवता येत होते. हिलाच एफपीजीए म्हणतात. शिळाछाप सोडून खिळ्यांच्या छापखान्यात आल्यासारखे हे आहे. सकाळी ज्या खिळ्यांनी पोथीचे पान जुळवले, तेच सोडवून संध्याकाळी लग्नपत्रिका जुळवायची.

एकेक घटक आतून कसा असतो तेही पाहू, कारण ते वाटते त्याहून सोपे आहे. समजा घटकात चार तारा शिरतात आणि एक बाहेर पडते. प्रत्येक तारेवर 'हो' किंवा 'नाही' एवढेच येऊ शकते. चार तारांच्या मिळून सोळा शक्यता होतात. घटकाच्या पोटात सोळा ओळींचा एक तक्ता असतो: अमुक शक्यता आली तर उत्तर हो, तमुक आली तर नाही. तक्ता बदलला की घटकाचे वागणे बदलते. त्याच्या जोडीला एक बिटाची आठवण, म्हणजे घड्याळाच्या पुढच्या ठोक्यापर्यंत उत्तर धरून ठेवणारी जागा, आणि घटकाघटकांमधून जाणाऱ्या तारांचे जाळे. बस्स. आज हौशी मंडळी वापरतात त्या एका प्रसिद्ध बोर्डावरच्या चिपमध्ये असे सुमारे १,१०,००० घटक आहेत. बहुतेक एफपीजीएंचा एक गुण, किंवा अवगुण, असा की वीज गेली की त्या सगळे तक्ते विसरतात आणि वीज आल्यावर शेजारच्या साठवणीतून पुन्हा पाठ करतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्यांचे हे पाठांतर दिवसातून अनेकदा होते.

हे तक्ते हाताने भरत नाहीत. त्यासाठी वर्णनभाषा आहेत. त्यांतली व्हीएचडीएल ही १९८७ साली प्रमाणित झाली. भाषेच्या अभ्यासकाने एकदा तरी तिच्यातला मजकूर वाचावा असे मला वाटते. साध्या प्रोग्रॅममध्ये आज्ञा असतात: आधी हे कर, मग ते कर. वर्णनभाषेतल्या मजकुरात 'मग' हा शब्द जवळजवळ नसतो. तो घराच्या नकाशासारखा असतो. नकाशा काही आधी स्वयंपाकघर बांधा आणि मग ओसरी असे सांगत नाही. आमच्या विद्यार्थ्याने यूएलएचे वर्णन लिहिले, त्याचा गाभा मराठीत असा सांगता येईल: 'ठोका पडला की हा आकडा एकाने वाढावा, ४४७ नंतर तो शून्य व्हावा, तो शून्य झाला की दुसरा आकडा एकाने वाढावा, दुसरा ३११ नंतर शून्य व्हावा.' या दोन आकड्यांवरून चित्राचा किरण पडद्यावर आडवा कुठे आणि उभा कुठे आहे ते कळते, आणि सेकंदाला सुमारे पन्नास वेळा अख्खे चित्र निघते.

कोणी विचारील, एवढे कशाला? जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम आजच्या कोणत्याही संगणकावर, फोनवरसुद्धा चालतात. खरे आहे, आणि बहुतेकांना तेवढे पुरते. फरक कीर्तन आणि नाटक यांच्यातला आहे. कीर्तनकार एकटाच राजा होतो, राणी होतो, दूत होतो. एकामागून एक सोंग घेत तो कथा उभी करतो, आणि तो चपळ असेल तर श्रोत्याला उणीव भासत नाही. नकली यंत्राचा प्रोग्रॅम असाच असतो: थोडा वेळ झेड-८० होतो, थोडा वेळ यूएलए, थोडा वेळ स्पीकर. एफपीजीएमध्ये नाटक असते. सगळी पात्रे एकाच वेळी रंगमंचावर उभी, आणि एक बोलत असताना दुसरा त्याला अडवू शकतो.

अडवणे हा शब्द मी मुद्दाम वापरला. स्पेक्ट्रममध्ये स्मृतीचा खालचा १६ किलोबाइटचा भाग दोघांच्या सामाईक मालकीचा होता. पडद्यावरचे चित्र तिथेच साठवलेले असे. एका विहिरीवर दोन कळश्या. यूएलए चित्र काढण्यात गुंतलेली असताना झेड-८० तिथे पाणी भरायला आली तर यूएलए तिचे घड्याळच क्षणभर थांबवी. ही काही शोभेची गोष्ट नव्हती, पैसे वाचवण्यासाठी केलेली तडजोड होती. पण चतुर प्रोग्रॅमर ही अडवणूक मोजून तिच्या आधाराने पडद्याच्या कडांवर चित्रे काढू लागले. नव्या प्रतीत ही अडवणूक काढून टाकली तर यंत्र वेगवान होईल आणि ते प्रोग्रॅम बिघडतील. निव्वळ दोष म्हणावा असाही एक प्रकार होता: झेड-८०मधल्या एका नोंदीत ठरावीक आकडे घातले की यूएलएचा गोंधळ उडे आणि पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडे. नवी प्रत करणाऱ्याने हा पाऊस पाडायचा की थांबवायचा?

मराठी साहित्याच्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले, आणि वारकऱ्यांच्या हाती वाचता येईल अशी पोथी दिली. पुढे १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापली. त्यांना शुद्ध झालेली ज्ञानेश्वरी नको होती. जशी होती तशी, जुन्या रूपांसकट हवी होती. त्यांच्या त्या प्रतीविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाले. तरी ओढ दोन प्रकारची असते हे त्यावरून दिसते. एकाला संहिता वापरात राहावी असे वाटते, दुसऱ्याला ती हलू नये असे वाटते.

यंत्रांच्या जगात या दोन्ही पंथांचे लोक आहेत. 'स्पेक्ट्रम नेक्स्ट' हे यंत्र २०१७ साली लोकवर्गणीतून सुरू झाले आणि २०२० मध्ये गिऱ्हाइकांच्या हाती पडले. त्याच्या पोटात एफपीजीए आहे, जुने प्रोग्रॅम त्यावर चालतात, आणि वर अधिक रंग, अधिक वेग, अधिक स्मृती अशी भर घातली आहे. जुन्या स्पेक्ट्रमला बाह्यरूप देणाऱ्या रिक डिकिन्सन यांनीच त्याचेही रूप ठरवले. यंत्र लोकांपर्यंत पोचण्याआधी, २०१८ मध्ये, ते वारले. दुसरा पंथ 'मिस्टर' या खुल्या प्रकल्पाचा. अलेक्सी मेलनिकोव्ह यांनी २०१७ साली तो सुरू केला. एकाच बोर्डावर आज स्पेक्ट्रम, उद्या बीबीसी मायक्रो, परवा अमिगा अशी अनेक यंत्रे त्यात भरता येतात, आणि प्रत्येकाचा मूळ स्वभाव, दोषांसकट, जपण्याकडे कल असतो.

मूळ काय होते हे ठरवायचे कसे, यातही आपली ओळखीची पद्धत दिसते. कागदपत्रे अपुरी, करणारे पांगलेले, आणि यंत्रे एकमेकांत भेद दाखवणारी, कारण यूएलएच्याही लागोपाठ सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या होत्या. ख्रिस स्मिथ नावाच्या अभ्यासकाने चिपचे आवरण काढून आतल्या घटकांची छायाचित्रे घेतली, जोडणी एकेक करून वाचली, आणि २०१० साली त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. आमच्या विद्यार्थ्याचा आधार तेच. झेड-८० त्याने स्वतः लिहिली नाही. डॅनियल वॉलनर यांनी केलेले 'टी-८०' हे खुले वर्णन उपलब्ध आहे, ते घेतले. मूळ प्रोग्रॅमची जी कायमची स्मृती यंत्रात असते तिचे हक्क, सिंक्लेअरचा संगणक धंदा १९८६ साली विकत घेतल्यामुळे, अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीकडे गेले होते. कंपनीने १९९९ मध्ये नकली यंत्रांबरोबर ती वाटायला परवानगी दिली. ही परवानगी नसती तर पुढचे सगळे काम कायद्याच्या सावलीत करावे लागले असते.

एक इशारा इथेच देऊन ठेवते. एफपीजीए वापरली म्हणजे प्रत आपोआप अस्सल होते, असे उत्साही लोक बोलताना ऐकू येते. तसे नाही. उत्तम कागदावर छापलेली चुकीची संहिता चुकीचीच असते. ज्याने मूळ यंत्र नीट वाचले त्याचा साधा नकली प्रोग्रॅमसुद्धा न वाचता केलेल्या एफपीजीएहून सरस ठरेल. शिवाय काही गोष्टी दोन्हींतून निसटतात. मामांच्या टीव्हीवर अक्षरांच्या कडा थोड्या पाझरत, आणि त्या पाझरण्यामुळेच आमचा पाच ओळींचा 'ळ' वाचता येत असे. आजच्या स्वच्छ पडद्यावर तो पायऱ्यांचा ढीग दिसतो.

तरीही वस्तू जाते आणि संहिता उरते, ती फक्त दुसऱ्या द्रव्यात उतरवून घेतली म्हणून. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले, सतराव्या शतकात आणखी दोनदा छापले गेले. त्या छापील प्रती आज हाती नाहीत. हाताने उतरवलेल्या प्रती राहिल्या, त्यांतली एक देवनागरीत, लंडनला. छापील ग्रंथ हस्तलिखितामुळे वाचला, हा क्रम आपल्याला उलटा वाटतो. चिप मेली आणि तिचे वर्णन शब्दांत राहिले, हाही त्याच जातीचा प्रकार आहे.

ऑक्टोबरात विद्यार्थ्याचे यंत्र तयार झाले. तळहाताएवढा बोर्ड, त्याला टीव्ही आणि कळफलक. कॅसेट चढवणे हे वेगळेच दिव्य होते. स्पेक्ट्रम टेपवरचा आवाज लहान आणि लांब ठोक्यांत वाचतो: शून्य म्हणजे आखूड जोडी, एक म्हणजे तिच्या दुप्पट लांब. डिचोलीच्या दमटपणात अडतीस वर्षे काढलेल्या टेपवर हे ठोके पुसट झाले होते. पहिल्या दिवशी अकरा वेळा 'टेप लोडिंग एरर' हेच उत्तर आले. मग विद्यार्थ्याने टेपरेकॉर्डरच्या वाचणाऱ्या डोक्याचा स्क्रू केसभर फिरवला, आवाज आधी लॅपटॉपवर घेतला, त्यातली घरघर कमी केली आणि एका छोट्या जोडणीतून तो बोर्डाला ऐकवला. प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळ्याचा एक आकडा असतो; वाचलेल्या सगळ्याशी तो जुळला तरच यंत्र मजकूर स्वीकारते. पोथीत अध्यायाच्या शेवटी ओवीसंख्या लिहितात, तिचेच हे भावंड.

बाराव्या की तेराव्या खेपेला आकडा जुळला. पडदा पांढरा झाला आणि मध्यभागी 'डिचोली' उमटले. चौकड्यांच्या वहीतला तोच किंचित वाकडा 'च'. मग मये, साखळी, कुडणे, पिळगाव, न्हावेली. दुसरा भागही चढला. त्यात 'नारवे' आले.

विद्यार्थी नार्व्याच्या जवळचाच. "मॅडम, गावाचं नाव चुकलंय. आता वरती जास्त ओळी देता येतील, सोळा बाय सोळाची घरं करू. दुरुस्त करू का?"

मी 'थांब' म्हटले, आणि दोन दिवस त्याला उत्तर दिले नाही. वर्गात मी पाठभेद शिकवते, अपपाठ आणि मूळपाठ यांच्या व्याख्या सांगते. पण मामांच्या हातच्या चुकीसमोर त्या व्याख्या कामी येईनात. 'नारवे' ही लेखनिकाची चूक नव्हती. लिपी आणि यंत्र यांच्यात जागेचे भांडण झाले, त्याचा तो निकाल होता. तो दुरुस्त केला तर १९८७ साली डिचोलीतल्या एका घरात मराठीला किती जागा होती हे पुढे कुणाला कळणार नाही. मी नको म्हटले. त्याने शेजारी दुसरा प्रोग्रॅम करून त्यात 'नार्वे' शुद्ध लिहिले, आणि त्या दोन्ही प्रती आता माझ्याकडे आहेत. एकनाथ आणि राजवाडे यांना एकाच कपाटात ठेवल्यासारखे.

हाच निकाल तेव्हा दुसरीकडे वेगळा लागत होता, हे मला फार उशिरा कळले. कानपूरच्या आयआयटीत देवनागरीचा संगणक तयार होत होता; १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो दाखवलाही गेला. पुढे हे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले, आणि त्यातून 'जिस्ट' कार्ड लोकांच्या हाती पडले. हे कार्ड संगणकाच्या आतल्या खाचेत बसे, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांना पडद्यावर मराठी दाखवता येई. यामागचा विचार भाषिक होता. चित्र साठवायचे नाही, वर्ण साठवायचा. १९९१ साली प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतात 'र्वे' म्हणजे चार आकडे: २०७ र, २३२ हलन्त, २१२ व, २२५ मात्रा. र आधी आला तरी त्याचा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा आणि मात्रेशी त्याचे भांडण होऊ द्यायचे नाही, हे कार्डाने पाहायचे. मराठीपुरता आणखी एक बारकावा: 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक राखण्यासाठी २०८ हा ऱ चा आकडा. युनिकोडच्या देवनागरी विभागाचा पाया इस्कीवरच रचलेला आहे, त्यामुळे तो बारकावा आपण आजही वापरतो.

माझ्या प्रबंधाची पहिली दोन प्रकरणे अशा कार्डावर टंकलिखित झाली होती. संकेत छापून प्रसिद्ध झालेला असल्याने ती प्रकरणे मला एका दुपारी परत मिळाली. उरलेली तीन एका दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. तिथे वर्ण साठवलेला नव्हता, चित्राचे तुकडे साठवले होते, आणि कोणता तुकडा कोणत्या आकड्यावर हे त्यांच्या फॉन्टलाच ठाऊक. ती मी छापील प्रतीवरून पुन्हा टंकली. मजकूर असा वाचला किंवा गेला. कार्डाचे वागणे मात्र संकेताच्या तक्त्यात नाही: कळ दाबल्यावर अक्षर आधी कसे दिसे, पुढचा वर्ण येताच ते कसे मोडून जुळे, इंग्रजी प्रोग्रॅमच्या मोजक्या रकान्यांत जोडाक्षराला जागा कशी मिळे. मराठी माणूस संगणकावर लिहायला लागला तो हे पाहत पाहत, आणि ते पुन्हा पाहायचे तर कार्डच वाचावे लागेल.

गेल्या डिसेंबरात एका कार्यालयाच्या निर्लेखनाच्या ढिगात मला तसे एक कार्ड मिळाले. भंगारवाला वजनावर नेणार होता. मी रीतसर पावती करून घेतले. सध्या ते आमच्या प्रयोगशाळेत वर्तमानपत्रावर ठेवलेले आहे. विद्यार्थी भिंगातून एकेका चिपवरचा क्रमांक वाचतो आणि मी तो वहीत उतरवते, चौकड्यांच्याच वहीत, कारण घरात तीच सापडली. एकतीस क्रमांक झाले आहेत. सर्वांत मोठ्या चिपवरची अक्षरे झिजली आहेत. ती तिरप्या उजेडात वाचता येतात का ते पुढच्या शनिवारी पाहायचे ठरले आहे.